संशोधन पुढे जातं, संशोधकाचं काय?

‘पीएच.डी. झाली, आता पुढे काय?’ हा प्रश्न बहुतेक संशोधकांपुढे व्हायवा झाल्यावर उभा राहतो. तोवर फेलोशिप संपलेली असते आणि तासिका तत्त्वावर मिळेल ते काम स्वीकारावं लागतं. हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारायला हवा, आणि तो विद्यापीठानेही विचारायला हवा.

ब्रिटनमध्ये संशोधकांच्या करिअरविकासासाठी एक राष्ट्रीय करारनामा आहे. २००८मधल्या या करारनाम्याची २०१९मध्ये नव्याने मांडणी झाली. विद्यापीठं त्यावर स्वेच्छेने सही करतात. पोस्टडॉक आणि इतर संशोधक कर्मचाऱ्यांना वर्षातले किमान दहा दिवस स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी मिळावेत, ही त्यातली सर्वांत ठोस तरतूद. अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यावं, निधीचा प्रस्ताव लिहायला शिकावं, उद्योगातलं काम जवळून पाहावं. शिवाय प्रकल्पप्रमुखाने संशोधकाशी त्याच्या करिअरबद्दल नियमित बोलावं, हीही अपेक्षा आहे.

दिवस मोजून द्यायला सबळ कारण आहे. प्रकल्पाचा निधी ठरावीक मुदतीचा असतो आणि गाइडला त्या मुदतीत शोधनिबंध हवे असतात. अशा घाईत स्वतःसाठी वेळ मागणारा संशोधक कामचुकार ठरतो. नियम असला की ही मागणी त्याचा हक्क होते.

आपल्याकडे यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी पीएच.डी.साठी सहा वर्षांची मुदत दिली आहे. ज्युनिअर आणि सीनिअर फेलोशिप मिळून मात्र पाचच वर्षं पैसे मिळतात. काम लांबलं, तर ऐन प्रबंधलेखनात हात रिकामा होतो. महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद आहे, हे मोलाचंच. अध्यापन आणि लेखनाचं प्रशिक्षणही याच नियमांत आहे. पण पीएच.डी. झालेल्या प्रत्येकाला प्राध्यापकाची जागा मिळत नाही. पेटंट, विज्ञानलेखन, धोरण, उद्योग या वाटांची ओळख कोण करून देणार?

त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. याच नियमांनुसार विद्यार्थी दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडतो. त्याच बैठकीत त्याला पुढे काय करायचंय, त्यासाठी काय शिकायचंय आणि त्याला वेळ कधी मिळेल, हे विचारून इतिवृत्तात नोंदवावं. पुढच्या सत्रात त्या नोंदीचा जाब विद्यार्थ्याइतकाच गाइडनेही द्यावा.