परदेशी पाहुण्याच्या तातडीच्या उपचारांचे बिल कोणी भरावे?

मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहण्यासाठी इंग्लंडला जाणारे आई-वडील ही गोष्ट पुणे, मुंबई, नाशिकमधील कुटुंबांना आता नवलाची राहिलेली नाही. व्हिसा, तिकीट, उबदार कपडे आणि लोणच्याच्या बरण्या यांची तयारी काटेकोरपणे होते. मात्र तेथे अचानक छातीत दुखू लागले, तर काय करायचे, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. ‘तिकडे सरकारी उपचार फुकट असतात’ अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत पूर्णपणे खोटी नाही. पण ती अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच महागात पडू शकते. परदेशातून आलेल्या पाहुण्याने तातडीच्या उपचारांचे पैसे द्यावेत की नाहीत, या वादाचे मूळही याच अर्धवटपणात आहे.

ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि खर्च मुख्यत्वे करांतून भागवायचा, हे तिचे मूळ तत्त्व. परदेशी पाहुणे या सेवेचा लाभ उठवतात, ही तक्रार पहिल्या वर्षभरातच सुरू झाली. तत्कालीन आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांना ती मान्य नव्हती. पाहुणा कोण आणि रहिवासी कोण हे ठरवायचे, तर प्रत्येक नागरिकालाच ओळखपत्र खिशात घेऊन फिरावे लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरीही पाहुण्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार १९४९ च्या दुरुस्ती कायद्याने सरकारला मिळाला. तो प्रत्यक्ष वापरला गेला तब्बल तीन दशकांनी, १९८२ च्या नियमांद्वारे.

नियम काय सांगतात?

इंग्लंडमध्ये सध्या लागू असलेली चौकट २०१५ च्या नियमांनी घालून दिली. त्यानुसार अपघात व तातडीच्या विभागात, म्हणजे आपल्याकडील भाषेत ‘कॅज्युअल्टी’त, मिळणारे उपचार सर्वांना विनामूल्य आहेत. रुग्णाचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे, याने त्यात फरक पडत नाही. क्षयरोगासारखे संसर्गजन्य आजार आणि २०१२ पासून एचआयव्ही यांवरील उपचारही पाहुण्यांना निःशुल्क मिळतात. एका व्यक्तीचा असा आजार उपचाराविना राहिला, तर त्याची झळ संपूर्ण समाजाला बसते, हे त्यामागील उघड कारण आहे.

खरी मेख पुढे आहे. ही सवलत रुग्णाला वॉर्डात दाखल करून घेईपर्यंतच असते. हृदयविकाराचा झटका आलेल्या पाहुण्याची तपासणी आणि प्राथमिक उपचार निःशुल्क होतात. परंतु खाट मिळाली की आकारणी सुरू होते. अँजिओप्लास्टी, अतिदक्षता विभाग, त्यानंतरचे मुक्कामाचे दिवस या सर्वांचे बिल होते. युरोपबाहेरील पाहुण्यांसाठी हा दर एनएचएसच्या राष्ट्रीय दराच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के ठरविण्यात आला. म्हणजेच उपचार तातडीचे आहेत, एवढ्यावरून ते फुकट ठरत नाहीत.

त्याच वेळी नियमांनी रुग्णालयांवरही बंधन घातले आहे. उपचारांचे तीन वर्ग केले आहेत: तत्काळ आवश्यक, निकडीचे आणि थांबू शकणारे. पहिल्या वर्गातील उपचार पैशांअभावी नाकारता किंवा लांबवता येत नाहीत. सर्व प्रसूतिसेवा याच वर्गात मोडतात. दुसऱ्या वर्गातील उपचारही पैसे हाती आले नाहीत म्हणून अडवता येत नाहीत. अशा रुग्णांकडून वसुली नंतर केली जाते. तिसऱ्या वर्गासाठी मात्र ऑक्टोबर २०१७ पासून आगाऊ रक्कम घेणे बंधनकारक झाले. कोणता रुग्ण कोणत्या वर्गात, हे ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, लेखा विभागाचा नाही.

बिल थकले तर त्याचे पडसाद व्हिसावर उमटतात. पाचशे पौंड किंवा त्याहून अधिक थकबाकी दोन महिने राहिल्यास तिची माहिती ब्रिटनच्या गृह खात्याकडे जाऊ शकते आणि पुढील व्हिसा अर्ज त्या कारणावरून फेटाळला जाऊ शकतो.

नोकरी किंवा शिक्षणासाठी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ मध्ये वर्षाला २०० पौंड असलेला हा अधिभार फेब्रुवारी २०२४ मध्ये १,०३५ पौंडांवर नेण्यात आला. विद्यार्थ्यांसाठी तो ७७६ पौंड झाला. सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीसाठी येणाऱ्यांना अधिभार नाही, पण म्हणूनच त्यांना त्याचे संरक्षणही नाही. एकाच घरात मुलाला मिळणारे उपचार आणि आईला मिळणारे उपचार यांचा हिशेब असा निरनिराळा होतो.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

शुल्काच्या समर्थकांचे म्हणणे सरळ आहे. ही सेवा करदात्यांच्या पैशांतून चालते; ज्याने कर भरलेला नाही आणि जो काही आठवड्यांनी परत जाणार आहे, त्याचा भार स्थानिक नागरिकाने का उचलावा? शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत महिनोन् महिने थांबलेल्या रहिवाशाला हा प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे. शिवाय पाहुण्याला विमा घेता येतो. शेंगेन देशांचा व्हिसा मागणाऱ्या भारतीयाला किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण दाखवावेच लागते. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी अशी सक्ती नाही.

विरोधकांचा पहिला आक्षेप व्यावहारिक आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१६ च्या अहवालानुसार, परदेशी रुग्णांच्या संदर्भातील आकारणी २०१३-१४ मधील ९ कोटी ७० लाख पौंडांवरून २०१५-१६ मध्ये २८ कोटी ९० लाख पौंडांवर गेली. वाढ डोळ्यांत भरणारी खरी; पण या रकमेचा निम्म्याहून अधिक भाग नव्या अधिभाराचा होता. अधिभार व्हिसासोबत आधीच मिळतो. खाटेवरच्या रुग्णाला दिलेले बिल वसूल करणे कितीतरी अवघड असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बिलाच्या भीतीने माणूस दारातूनच परत फिरला, तर किरकोळ वाटणारे दुखणे जीवघेणे होऊ शकते. याच कारणाने ब्रिटनमधील फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्या रॉयल कॉलेजांनी डिसेंबर २०१८ मध्ये हे नियम स्थगित करण्याची मागणी केली होती. बेव्हन यांनी वर्तविलेला धोकाही दरम्यान खरा ठरला. किशोरवयात जमैकाहून आलेल्या आणि चार दशकांहून अधिक काळ लंडनमध्ये राहिलेल्या एका व्यक्तीला, केवळ कागदपत्रे नसल्याने, कर्करोगावरील उपचारांसाठी ५४ हजार पौंड मागण्यात आल्याचे २०१८ मध्ये उजेडात आले. पाहुणा शोधण्याच्या जाळ्यात घरचाच माणूस सापडला होता.

अन्यत्र आणि आपल्याकडे

अमेरिकेने वेगळी वाट धरली. तेथील १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअर योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला कोणत्याही रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. नागरिकत्व वा ऐपत पाहता येत नाही. बिल मात्र नंतर येतेच आणि ते भोवळ आणणारे असू शकते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात जखमीचे प्राण वाचविणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताचा हक्क केवळ ‘नागरिका’ला नव्हे, तर प्रत्येक ‘व्यक्ती’ला आहे. त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्यावर बुडता बुडता वाचलेला परदेशी पर्यटकही त्याच्या छत्राखाली येतो. अर्थात, उपचार करण्याचे कर्तव्य म्हणजे ते विनामूल्य करण्याचे कर्तव्य नव्हे.

‘बाहेरचा’ कोण, हा प्रश्न देशाच्या सीमेवरच थांबत नाही, याचा अनुभव कोकणाने घेतला आहे. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात १ जानेवारी २०१८ पासून राज्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा वर्षानुवर्षे त्याच रुग्णालयावर विसंबून असलेल्या सिंधुदुर्गातील नागरिकांनी दोडामार्गला आंदोलन छेडले. गोव्याच्या करदात्याची बाजू आणि दोडामार्गच्या रुग्णाची निकड, दोन्हींत तथ्य होते.

इंग्लंडच्या नियमांनी ‘उपचार आधी, पैसे नंतर’ अशी तडजोड साधली आहे. जीव वाचविण्याची अट घातली, पण हिशेब माफ केला नाही. ही तडजोड टिकेल की बदलेल, हे तेथील मतदार ठरवतील. तोवर इंग्लंडला निघालेल्या ज्येष्ठांनी प्रवासविमा घेणे आणि रक्तदाब, मधुमेह यांसारखे पूर्वीचे आजार त्यात समाविष्ट आहेत काय, हे पॉलिसीतील बारीक अक्षरांत वाचून पाहणे इष्ट. मात्र विमा नसला, तरी छातीत कळ आल्यावर बिलाच्या धास्तीने घरी बसून राहू नये. कॅज्युअल्टीचे दार पाहुण्यालाही उघडे आहे.