लाकडी लाँच म्हातारी का होत नाही?

वाशीमकर मुंबईला गेला की घारापुरीची लेणी पाहायला गेटवेवरून लाँचमध्ये बसतो. ही लाकडी लाँच टिकून राहण्याचं पहिलं कारण तिची संथ चाल, आणि त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. पाणी कापत जाणारी नौका स्वतःच लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेएवढी झाली की नौका आपल्याच लाटेचा चढ चढू लागते. पाण्यात 36 फूट लांब असलेल्या नौकेला ही मर्यादा ताशी साधारण 15 किलोमीटरवर गाठते. त्यापुढे इंजिन कितीही रेटा, डिझेल जळतं, वेग जेमतेम वाढतो. म्हणून जुने जाणकार मालक या मर्यादेच्या आतच राहतात: इंजिन लहान, खर्च कमी आणि जड बुडामुळे लाटांत हेलकावे सौम्य.

दुसरं कारण सागवान. आपल्या विदर्भाच्या जंगलातलंच हे झाड. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी आणि बुरशी दूर राहते. ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात टिकतात. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरतात. पाण्यात लाकूड फुगतं, सांधे आणखी घट्ट बसतात. एखादी फळी कुजलीच, तर तेवढी काढून नवी बसवता येते, आणि मला या बांधणीचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं. मुंबईच्या गोदीत जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यानं 1817 साली सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे शिडाचं लढाऊ जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतंय.