विषयपत्रिका कोणाची?

गणपती, मोहरम किंवा निवडणूक जवळ आली की पोलिस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. ठरलेली प्रतिष्ठित मंडळी येतात, एकोप्याची भाषणं होतात, चहा होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. महाराष्ट्रात शांततेची चर्चा म्हटलं की डोळ्यांपुढे बहुधा हेच चित्र येतं. पण याच मुलुखात चर्चेची दुसरी, जास्त खडतर परंपराही आहे.

तिची सुरुवात महाडपासून पाहावी. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं, तरी अस्पृश्यांना पाणी मिळालं नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. उलट हात उचलायचा नाही, हे बाबासाहेबांनी आपल्या माणसांना बजावलं.

डिसेंबरातली दुसरी परिषद तर चर्चेची खरी कसोटी होती. तळं खासगी असल्याचा दावा करून सवर्णांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला होता. जमलेले हजारो लोक तुरुंगात जायला तयार होते. तळ्यावर जावं की थांबावं, यावर भर मांडवात बाजू मांडल्या गेल्या आणि अखेर सत्याग्रह तहकूब झाला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडलं. संयमाची एवढी किंमत मोजणाऱ्यांनी तो निर्णय स्वतः घेतला होता, म्हणून तो टिकला. सवर्णांच्या संमतीची वाट पाहत बसले असते, तर तळ्याचा विषय कधी निघालाच नसता.

चर्चेची ही परंपरा पुढेही दिसते. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून मे महिन्यात उपोषण केलं. त्याआधी ते महाराष्ट्रभर सभा घेत फिरले होते, हे मात्र कमी आठवलं जातं.

भिवंडीची गोष्ट वेगळी. यंत्रमागांच्या या दाट वस्तीच्या शहराने १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगली पाहिल्या. पुढे पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतली साधी हिंदू-मुस्लिम माणसं एकत्र बसवली, बरोबर पोलिसही. बोलणं नळावरच्या भांडणांपासून सुरू झालं, कारण दंगलीला लागणारा राग रोजच्या कुरबुरीत साठतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली. जवळच्या भिवंडीत दंगल पेटली नाही. त्याचं सगळं श्रेय समित्यांना देणं भाबडेपणाचं ठरेल; पण अफवा उठल्यावर कोणाचं दार ठोठावायचं, हे तिथल्या माणसांना माहीत होतं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने चर्चेचीच रीत बांधली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तिथे अभ्यासगट चालले. गटात बाहेरचा माणूसही बसू शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो या बैठकांच्या तयारीवर.

मेंढ्याचा धडा जसाच्या तसा कुठेही लावता येत नाही. तिथे बहुतेक एकाच समाजाची वस्ती आहे. जिथे जमीन, पाणी आणि पंचायत एका जातीच्या मुठीत असते, तिथे सर्वसहमतीचा आग्रह म्हणजे दुबळ्याला गप्प बसवण्याची सोय होऊ शकते. अशा ठिकाणी महाडचीच वाट धरावी लागते: आधी हक्क मांडायचा, मग सलोख्याचं बोलायचं.

म्हणून कोणत्याही शांतता बैठकीला मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो: आजचे विषय कोणी ठरवले? ते अन्याय सोसणाऱ्याने ठरवले असतील, तर बैठकीत आवाज चढेल, कदाचित कोणी उठूनही जाईल. तरीही ती बैठक चालू ठेवणं, हेच अहिंसेचं काम आहे.