कानातली साथ

वर्ध्याहून हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरला एसटीने जायचं, तर कंडक्टरला गावाचं नाव सांगावंच लागतं. बोलताना अडखळणारा माणूस एरवी अवघड शब्द चुकवतो. ‘पाणी’ अडलं तर ‘तहान लागली’ म्हणतो, ‘काका’ अडलं तर नुसतं ‘अहो’वर भागवतो. पण गावाच्या नावाला आणि स्वतःच्या नावाला पर्याय नाही. पहिल्याच ‘अ’वर घसा बंद होतो, आवाज फुटत नाही, आणि मागून कुणीतरी म्हणतं, ‘बोल ना गा लवकर!’ सोप्या नावाच्या थांब्याचं तिकीट काढून उरलेली वाट पायी तुडवणारी माणसं या त्रासाच्या कहाण्यांत जगभर भेटतात.

अशा माणसाच्या मोबाइलवर एक दिवस व्हिडिओ येतो. अडखळणारा तरुण कानात छोटंसं यंत्र घालतो आणि दोन मिनिटांत घडाघडा बोलू लागतो. शेजारी बसलेल्या आईचे डोळे भरून येतात. हा व्हिडिओ खोटा असेलच असं नाही. मात्र त्यानंतरच्या सहा महिन्यांचा व्हिडिओ सहसा कुणी काढत नाही.

यंत्राची किमया कळायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. विदर्भात गावोगावी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, तिथे लक्ष देऊन ऐकावं. एरवी स्वतःचं नाव सांगताना घामाघूम होणारा माणूस चारचौघांच्या स्वरात स्वर मिसळून अख्खी प्रार्थना म्हणतो आणि बहुधा एकदाही अडत नाही. भजनातही तेच. सोबत एकच माणूस तेच वाक्य वाचत असला, तरी बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ थांबतं. बोलण्यासाठी ओठ, जीभ, घसा आणि श्वास यांची हालचाल क्षणाक्षणाला जुळावी लागते. तोतरेपणात मेंदूतल्या या जुळणीतच फरक आढळतो आणि तो पुष्कळदा घराण्यातून येतो. बाहेरून ठेका किंवा साथ मिळाली, की जुळणी सावरते. दोष जिभेत नसतो. तरीही आपल्याकडे जिभेवर वेखंड उगाळून लावतात, आणि 1841 मध्ये बर्लिनच्या डिफेनबाख नावाच्या नामांकित शल्यविशारदाने तर तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाशी चक्क चाकू चालवला होता. त्यापेक्षा वेखंड बरं!

ही साथ यंत्रातून देता येईल हे योगायोगानेच समोर आलं. 1950 च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ली यांच्या लक्षात आलं, की माणसाचा आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका उशिरा त्याच्याच कानात परत सोडला, तर चांगला बोलणाराही अडखळू लागतो. मग अडखळणाऱ्यांवर तोच प्रयोग झाला आणि उलटच घडलं. त्यांच्यातल्या अनेकांचं बोलणं सुधारलं. 1970 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये ‘एडिनबरा मास्कर’ आला. त्यात गळ्याला मायक्रोफोन बांधलेला असे आणि बोलायला लागलं की कानात घरघर सुरू होई, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकूच येऊ नये. पुढे अमेरिकेच्या ईस्ट कॅरोलायना विद्यापीठात जोसेफ कॅलिनोव्स्की आणि सहकाऱ्यांनी उशीर कमी केला, आवाजाची पट्टीही थोडी वरखाली केली आणि हे सगळं श्रवणयंत्राएवढ्या डबीत बसवलं. कॅलिनोव्स्की स्वतः अडखळणारे. 2001 मध्ये ‘स्पीचईझी’ या नावाने ते यंत्र बाजारात आलं. ते घातलेल्याला आपल्याच आवाजाची किंचित मागून येणारी, वेगळ्या पट्टीतली प्रत ऐकू येते, जणू कुणी सोबत बोलतंय.

आता अडचणींकडे येऊ, कारण खरेदीचा निर्णय त्यांच्यावरच ठरायला हवा. पहिली फार साधी आहे, पण विकणारे ती क्वचितच सांगतात. यंत्र परत पाठवतं तो तुमचाच आवाज. आवाज फुटलाच नाही, तर ते परत पाठवणार काय? ‘अल्लीपूर’च्या ‘अ’वर घसा बंद झालेल्या माणसाला नेमक्या त्या क्षणी कानात शांतता ऐकू येते. म्हणून वापरणाऱ्यांना आधी ‘अं’ काढायला, स्वर लांबवायला शिकवावं लागतं. म्हणजे यंत्र घेतलं तरी शिकवणारा लागतोच. अक्षर पुन्हा पुन्हा येणाऱ्याला, ‘म-म-म-मला’ म्हणणाऱ्याला, ही साथ तुलनेने जास्त मिळते. दुसरी अडचण गोंगाटाची. मायक्रोफोन आठवडी बाजारातला भाजीवाला, ट्रॅक्टर आणि लाउडस्पीकर हे सगळंच उचलतो आणि उशिराने कानात ओततो.

पुरावाही याच दिशेचा आहे. डॉक्टरांच्या खोलीत वाचन करताना फरक झटकन दिसतो. गप्पा मारताना, फोनवर, अनोळखी माणसासमोर तो कमी होतो, आणि अनेकांच्या बाबतीत काळाबरोबर विरतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 11 जणांना ‘स्पीचईझी’ काही महिने रोजच्या व्यवहारात वापरायला दिलं. पूर्ण गटाकडे पाहता ठळक फायदा दिसला नाही. मात्र काहींना तो झाला आणि काहीजण यंत्रावर खूश होते. म्हणून ‘हे थोतांड आहे’ असं म्हणणंही बरोबर नाही. काही प्रौढांना त्याने फोन उचलायचं धैर्य दिलं आहे आणि त्यांच्यासाठी ते मोलाचं आहे. पण कुणाला उपयोग होईल हे आधी ओळखता येत नाही आणि किंमत काही हजार डॉलर आहे, म्हणजे रुपयांत लाखांत. कापसाच्या पैशातून ती उचलण्याआधी मोबाइलवर उशिरा आवाज परत देणारी फुकट अॅप आहेत, ती आठवडाभर वापरावीत. मात्र तारेचा इअरफोन लावून. ब्लूटूथ स्वतःचाच उशीर त्यात मिसळतो, आणि मग आपण नेमकं काय तपासतोय हेच कळत नाही. तारेच्या इअरफोननेही काही फरक वाटला नाही, तर महागड्या डबीकडून फार आशा ठेवू नये.

लहान मुलांसाठी तर हा विचार बाजूलाच ठेवावा. साधारण पाच टक्के मुलं बोलायला शिकताना कधीतरी अडखळतात. त्यांतली बहुतेक आपोआप सुटतात, मोठेपणी शंभरात जेमतेम एकाकडे हे उरतं, आणि त्यांत पुरुष बायकांच्या सुमारे चौपट. पण आपलं मूल कोणत्या बाजूला जाईल याची वाट पाहत शाळेचं वय घालवण्यात अर्थ नाही. सिडनीत ‘लिडकोंब’ नावाची पद्धत विकसित झाली. तीत वाचाउपचारतज्ज्ञ आईवडिलांना शिकवतात आणि उपचार घरीच होतो: मूल नीट बोललं की सहज दाद द्यायची, अडखळलं तर क्वचित आणि हळुवार लक्षात आणून द्यायचं. 2005 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत 54 मुलं होती आणि या पद्धतीने अडखळणं साध्या वाट पाहण्यापेक्षा स्पष्टपणे जास्त घटलं. पुढे हेच उपचार वेबकॅमवरून दिले, तेव्हाही निकाल प्रत्यक्ष भेटीइतकाच आला.

अल्लीपूरसाठी मला सर्वांत कामाची वाटते ती ही शेवटची गोष्ट. एका सत्रासाठी वर्ध्याला जायचं म्हणजे बापाची मजुरी बुडते आणि पोराची शाळाही. चौथ्या खेपेला जाणं बंद होतं. पहिली तपासणी प्रत्यक्षच व्हावी. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं जिल्ह्यातच आहेत. तिथे कान-नाक-घसा विभागात वाचाउपचाराची चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पोराचं वजन-उंची मोजून झाली, की त्याच्या बोलण्याचं त्यांच्या कानावर घालावं. पुढची सत्रं व्हिडिओ कॉलवर होतील का, हे तज्ज्ञाला पहिल्याच भेटीत विचारावं. घरात असलेला मोबाइल अॅपपेक्षा यासाठी जास्त उपयोगी पडेल.

मोठ्यांसाठी आणखी एक दार आहे. डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी डेहराडूनहून 2008 मध्ये ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ सुरू केली. पुण्या-मुंबईतही तिचे स्वमदत गट भरतात, आणि ऑनलाइन बैठकांना गाव आड येत नाही. तिथे भर लपवाछपवी सोडण्यावर असतो. माणसं मुद्दाम अडखळून दुकानात भाव विचारतात, ‘मी अडखळतो, जरा वेळ द्या’ असं आधीच सांगून फोन लावतात.

एवढं करूनही यंत्र घ्यावंसं वाटलं, तर विकणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: किती दिवस घरी वापरून परत करता येईल, परत केल्यास किती पैसे कापतील, आणि बिघडलं तर दुरुस्ती कोणत्या शहरात होईल. ते दिवस वाचनात घालवू नका. कृषी केंद्रात बियाण्याचा भाव विचारा, बँकेत नाव सांगा, आणि सोयरिकीतल्या ज्या माणसाचा फोन उचलायला सर्वांत भीती वाटते, त्याला स्वतःहून फोन लावा.