मे महिन्यात विद्यापीठाचं फाटक उघडा

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पलीकडे जातो, त्याला इलाज नाही. पोरं दिवसभर कूलरसमोर मोबाइल घेऊन बसतात, नाहीतर एखाद्या ‘समर कॅम्प’मध्ये चार रंगीत कागद चिकटवून येतात. तेही ज्यांना फी परवडते त्यांचीच.

सुट्टीत वर्ग भरवणं वऱ्हाडाला नवं नाही. वैद्य बंधूंनी अमरावतीत १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि १९२४ मध्ये तिथे सुट्टीतला शारीरिक शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. क्रांतिकारक राजगुरू याच मंडळात शिकायला आले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळ करून दाखवले. आजही उन्हाळ्यात मंडळाच्या मैदानावर मुलं मल्लखांब शिकतात. शरीराची सोय अशी शंभर वर्षांपूर्वीच झाली. डोक्याची मात्र राहिली.

ती कशी करावी, याचा नमुना पुण्यात आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेने जयंत नारळीकरांच्या काळात, १९९३ पासून, आठवी-नववीच्या मुलांसाठी उन्हाळी उपक्रम चालवला. मूल आठवडाभर एका शास्त्रज्ञाबरोबर काम करतं. ठरलेला अभ्यासक्रम नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. शिकवणीचा वर्ग नुसता विद्यापीठाच्या इमारतीत भरवला, तर पंखा तेवढा मोठा मिळेल.

आपल्याकडे तर विषय पायाखाली पडले आहेत. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी धरते आणि सोडते. भेगेत काडी घालून खोली मोजायला मे महिन्याइतका चांगला मुहूर्त नाही. दुसरा विषय खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या जाड गाळात क्षार साठलेले आहेत, म्हणून अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातल्या कितीतरी गावांच्या विहिरींना खारं पाणी लागतं. दर्यापूरच्या, तेल्हाऱ्याच्या मुलाने घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत आणावं, प्रयोगशाळेत क्षार मोजावेत, शेजारच्या गावच्या पाण्याशी ताडून पाहावेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९६९ पासून माती-पाण्याचंच शास्त्र चालतं. त्यांच्यासाठी हे अवघड नाही. अमरावती विद्यापीठाचं आवार तर झाडी, तळी आणि अधूनमधून बिबट्याच्या बातम्या यांसाठी ओळखलं जातं. सकाळी सातला पाखरं मोजायला आणखी काय लागतं? (बिबट्या मोजायचा हट्ट मुलं धरतील, तो मोडून काढावा.)

अडचणी खऱ्या आहेत. मे महिन्यात प्राध्यापक परीक्षा आणि पेपर तपासणीत अडकलेले असतात, दहानंतर ऊन सोसत नाही आणि गावाकडून सकाळची एसटी वेळेवर मिळत नाही. म्हणून वर्ग सात ते दहा असावा, शिकवायला पदव्युत्तर विद्यार्थी घ्यावेत आणि बाहेरगावच्या मुलांना रिकामी वसतिगृहं द्यावीत. दोन्ही विद्यापीठांनी तारखा मार्चमध्येच जाहीर कराव्यात आणि मुलांची पहिली यादी जिल्हा परिषदेच्या शाळांकडून मागवावी.