मिटवू नका, सोबत चला!

२०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूर पेटलं, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या स्टेटसला दोनच शब्द होते, ‘फाशी द्या!’ शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले होते आणि तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी बारा तासांच्या आसपास वेळ लावला होता. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. राग खरा होता, त्यामुळेच यंत्रणा हलली. पण महिनाभराने, २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि काहींनी पेढे वाटले. त्याच्यावरचा खटला तिथेच संपला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांवर ठपका ठेवला. मग न्याय झाला, असं म्हणायचं का?

गावकी काय करते?

आपल्या रत्नागिरीच्या गावांत रुळांवरची गर्दी नाही, पण गावकी आहे. शिमग्याच्या पालखीपासून पाखाडीच्या दुरुस्तीपर्यंत सगळं ती ठरवते. मध्यरात्री कुणाला साप चावला, तर अख्खी वाडी उठते. ही आपली ताकदच आहे. पण मुलीवर अत्याचार झाला की हीच माणसं अनेकदा म्हणतात, ‘आपसात मिटवू, तिचं लग्न व्हायचंय अजून.’

का? कारण आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत तसंच दिसतं. बाहेरच्याला ‘फाशी द्या’ म्हणणं सोपं, आपल्या भावकीतल्याचं नाव पुढे आलं की जीभ जड होते.

‘फाशी द्या’ आणि ‘मिटवू’ या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. तिला काय हवंय, हे कुणी विचारतच नाही.

कायदा काय म्हणतो?

बलात्कार हा आपसात मिटवण्याजोगा गुन्हाच नाही. तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलंय. मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालील असेल, तर माहिती असूनही गप्प बसणं हा ‘पॉक्सो’खाली गुन्हा आहे. आणि तक्रार केली म्हणून कुटुंबाला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण नुसत्या कायद्यानेही भागत नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, अशी कारणं देत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेचं नाव जाहीर करायला बंदी आली, तीही याच दुरुस्तीने. म्हणजे समाजाने कायदा हातात घेतला नाही, त्याला जाब विचारला.

आपण काय करू शकतो?

• ऐका. ‘तू तिथे गेलीसच का?’ हा प्रश्न गिळून टाका.

• ती सज्ञान असेल, तर तक्रार करायची की नाही हे तिला ठरवू द्या. उपचार मात्र लगेच. ते सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत मोफत द्यावे लागतात.

• सोबत जा. ‘झिरो एफआयआर’ कुठल्याही ठाण्यात होतो. चिपळूणला घडलेल्या गुन्ह्याची तक्रार रत्नागिरी शहरातही देता येते. तिचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचं असतं.

• जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

• कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, ते आजच बघून ठेवा. समितीकडे गेलं म्हणून पोलिसांची वाट बंद होत नाही.

• तिचं नाव, फोटो, कॉलेज ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

• तातडीला ११२, लहान मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१.

गुन्हेगार कोण, हे कोर्टाला ठरवू दे. पण तक्रारीनंतर ती पुन्हा लेक्चरला बसते का, शिमग्याला पालखी तिच्याही अंगणात येते का, हे कुठलंच कोर्ट ठरवू शकत नाही. ते आपल्या हातात आहे.