इंजिन भंगारातले चालेल, ब्रेक नाही

पुण्याजवळच्या हिंजवडी-माणच्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडमध्ये गो-कार्टचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: इंजिन कुठले टाकायचे? एकीकडे चाकण, दुसरीकडे भोसरी-चिंचवड. या पट्ट्यात जुन्या बाइकचे इंजिन, रिक्षाचा गिअरबॉक्स, स्कूटरची चाके यांना तोटा नाही. कुदळवाडीतल्या भंगाराच्या शेडवर २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेचा बुलडोझर फिरला, तरी माल कुठून ना कुठून निघतोच. गैरसमज मात्र त्याहून स्वस्तात मिळतात.

भंगारातून केलेली गाडी म्हणजे नुसता जुगाड, हा त्यातला पहिला. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली गो-कार्ट बनवली, ती गवत कापायच्या यंत्रासाठी बनलेल्या आणि पडून राहिलेल्या इंजिनावर. म्हणजे या गाडीचे कुळच मुळी उरल्यासुरल्या मालाचे आहे.

दुसरा समज, इंजिन जितके मोठे तितकी गाडी भारी. एसएई इंडियाच्या बाहा स्पर्धेत इंजिनिअरिंगची मुले खडकाळ वाटेवर चालणारी गाडी स्वतः बांधतात. तिथे साधारण १० अश्वशक्तीचे इंजिन पुरते. मातीत चढ चढायला लागतो तो चाकावरचा जोर, आणि तो स्प्रॉकेटच्या दातांवर ठरतो. पुढे १४ आणि मागे ४२ दात असतील तर त्या टप्प्यावर वेग एक तृतीयांश होतो आणि जोर, घर्षणातले नुकसान सोडले तर, तिप्पट. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर थांबायला साधारण चौपट अंतर लागते, हेही लक्षात ठेवावे. शिवाय बाइकचे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होते. तेच सीटमागे बसवले की वारा लागत नाही आणि ते तापते. स्कूटरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, म्हणून सुरुवातीला तेच बरे.

खरी गफलत सांगाड्यात होते. ‘पाइप काय, कुठलाही चालतो’ म्हणत नळाचा जुना पाइप उचलला जातो. पण नळाचा पाइप पाणी वाहून नेण्यासाठी असतो. दगडावरून आपटणाऱ्या गाडीचे धक्के त्याच्या हिशेबात नसतात. आतून गंजला असेल तर भिंत किती उरली तेही बाहेरून दिसत नाही. वर जस्ताचा मुलामा असला तर वेल्डिंग करताना निघणाऱ्या धुराने थंडी वाजून ताप येऊ शकतो. बाहाच्या नियमांत सुरक्षा पिंजऱ्याच्या मुख्य नळ्यांचे मूळ माप दिले आहे: बाहेरचा व्यास २५ मिमी, जाडी ३ मिमी, पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. घरच्या कार्टला हा नियम लागू नाही, पण समोर ठेवायला इतके चांगले माप दुसरे मिळणार नाही. आणि ग्राइंडर मारून चकचकीत केलेले वेल्डिंग मजबूत असतेच असे नाही. धातू आतपर्यंत वितळून एकजीव झाला का, हे चकाकीवरून कळत नाही. ज्याचा हात रोज पोलादावर चालतो त्याच्याकडूनच हे काम करून घ्यावे. यूट्यूब पाहून मारलेले टाके गेटला ठीक आहेत.

‘गाडी बुटकी आहे, उलटणार नाही’ हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. बुटकी असते ती डांबरी ट्रॅकवरची कार्ट. मुरमावर चालवायची म्हणून तिची पोटाखालची जागा वाढवली की गुरुत्वमध्यही वर सरकतो, आणि चाकांमधले अंतर तेवढेच राहिले तर उलटणे सोपे होते. ट्रॅकवरच्या स्पर्धेच्या कार्टला सहसा ना सीटबेल्ट असतो ना पिंजरा, हे पाहून काही जण दोन्ही टाळतात, काही जण एकच बसवतात. अर्धवट उपाय सर्वांत वाईट. पिंजऱ्याविना बेल्ट लावला तर उलटलेल्या गाडीखाली माणूस बांधलेला राहतो. बेल्टाविना पिंजरा असेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि पिंजरा त्याच्याच अंगावर येतो. खडबडीत जमिनीवर दोन्ही हवेत, आणि हेल्मेट तर हवेच.

डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसेल तर गाडी वळत नाही, असेही ऐकू येते. वळते. स्टिअरिंगची भूमिती नीट असेल तर वळताना आतले मागचे चाक थोडे उचलले जाते. सैल मातीत ते घसरूनही जमवून घेते.

भंगारातून काय घ्यायचे याचा माझा हिशेब सरळ आहे. गाडी बंद पाडेल तो भाग जुना चालेल. माणूस पाडेल तो नवा. म्हणजे इंजिन, सीट, रिम जुने चालतील. ब्रेकचे पॅड, होज, मास्टर सिलिंडरची किट, टाय रॉडचे सांधे, बेअरिंग, सीटबेल्ट दुकानातून बिल घेऊन आणावे. ब्रेकची डिस्क मागच्या ॲक्सलवरच बसवावी. ती चेनच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला बसवली तर चेन तुटताक्षणी ब्रेकही जातो.

राहिला रस्ता. ‘स्वतः बनवली, मग चालवायला कोणाची हरकत?’ मोटार वाहन कायद्याची. १९८८च्या या कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचे खास वाहन कलम २(२८) मधल्या ‘मोटार वाहना’च्या व्याख्येतून वगळले आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर किकने चालू होणारी छोटी जीप भंगारातून बनवली. २०२१च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही, कधी ना कधी अडवली जाईल, हेही बजावले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती लोहारांच्या दारात आली. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवली तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

इंजिन घेताना त्यावरचा नंबर आणि मूळ गाडीच्या आरसीवरचा नंबर जुळवून पाहावा आणि विक्रेत्याकडून लेखी पावती घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि नंबर खरवडलेले इंजिन स्वस्तात का मिळते, हे समजायला वकील लागत नाही.